डावखुरी घडी

सोलापुरात लुगडे चांगले निघाले की लोक विणणाऱ्याचे नाव घेत, विकणाऱ्या दुकानाचे घेत. सुताला खळ कोणी लावली हे कधी कोणी विचारत नसे. महादेवप्पाला या गोष्टीचा चाळीस वर्षे राग होता.

राग तो बोलून दाखवत नसे. सकाळी गल्लीत बांबूच्या घोड्यांवर सुताचा ताणा पसरायचा, चिंचोक्याची खळ कुंच्याने एकसारखी ओढायची आणि ऊन तापायच्या आत धागा न् धागा सुटा करून वाळवायचा, हे त्याचे काम. याला पांजणी म्हणतात. खळ पातळ झाली तर धागा मागावर तुटतो, जाड झाली तर कडक होऊन मोडतो. महादेवप्पा कढईत बोट बुडवी, अंगठ्यावर चोळी आणि म्हणे, "अजून दोन उकळ्या." दोन म्हणजे दोनच. तिसरी उकळी आली तर ती कढई तो ओतून देई.

पांजणी चालू असताना तो कोणाला ताण्याजवळ फिरकू देत नसे. खळ ओली असताना कोणाचे बोट टेकले की बोटाच्या रेघा तिच्यात उमटतात आणि तशाच वाळतात. एकदा वाळली की मग वर दगड ठेवा, ठसा म्हणून उमटायचा नाही. भूत, भानामती, करणी असल्या गोष्टी गल्लीत निघाल्या की तो उठून जाई. त्याचा विश्वास ओल, ऊन आणि वारा या तिघांवर.

१९२९ सालच्या माघात एक गोरटेला, लांब बोटांचा माणूस त्याच्या आवारात आला. काळा कोट, डोक्याला टोपी, पायांत पंपशू. त्याने पाकिटातून एक कागद काढला आणि मऊ कापडासारखा तळहातावर टाकला. दहा रुपयांची नोट होती.

"हिला कडक करून मिळेल का?"

"चोरीची हाय?"

"जादूची आहे," तो हसला. "मी प्रोफेसर वेणीमाधव. आठ दिवस प्रयोग आहेत माझे. नवी पेठेत तिघांना विचारलं, तिघांनी तुमच्याकडे बोट दाखवलं."

महादेवप्पाला बरे वाटले. तिघांनी.

नोट जुन्या तऱ्हेची होती, लढाईच्या काळातली, एका बाजूला छापलेली आणि पाठीमागे कोरी. सरकारने आता दोन्ही अंगांनी छापलेल्या, राजाच्या तोंडवळ्याच्या नोटा काढल्या होत्या. त्या बँकेत करकरीत मिळत. पण प्रोफेसरला कोरी पाठ हवी होती. तिच्यावर प्रेक्षकाने पेन्सिलीने खूण करायची, मग नोट ताटात जाळायची आणि शेवटी एकात एक अशा तीन पितळी डब्या उघडून तिसरीतून तीच खुणेची नोट काढून दाखवायची.

"जळतो तो साधा कागद," प्रोफेसर आवाज खाली आणून म्हणाला. "खरी नोट डब्यांच्या मागच्या फटीतून आत सरकवतो. फट सुपारीच्या कातरणाएवढी. नोट मऊ असली तर अडकते, आणि अडकली की मी संपलो. शिवाय बाहेर काढल्यावर ती अशी वाजली पाहिजे की शेवटच्या बाकावरच्या माणसाला ऐकू यावी."

महादेवप्पाने नोट उजेडात धरली. "ही मंगळवेढ्याच्या बाजूच्या कुण्या दलालाकडं होती बगा. उभी दुमडून डाव्या खिशात ठेवायचा. त्याच्या आधी एका बाईच्या पदराला बांधल्याली होती, लई दिवस."

"तुम्ही जादूगार की मी?"

"घडी बगितली की हात कळतो सायेब. त्यात जादू कसली?"

नोट त्याने कोमट पाण्यात सोडली, काचेवर पसरली, गाळून घेतलेल्या खळीत किंचित तुरटी घालून बोटाने पुसट हात फिरवला, सावलीत वाळवली आणि कवडीने घोटली. निंगव्वा, त्याची बायको, उंबऱ्यात बसून पाहत होती. म्हणाली, "नोटंला येवढी खळ लावताय, उद्या मला बी लावा. सुरकुत्या तरी जातील."

"तुज्या सुरकुत्या चिंचोक्याला ऐकत न्हाईत. सिमिट आनावं लागंल."

दुसऱ्या दिवशी प्रोफेसरने नोट दोन बोटांत धरून झटकली. वाळलेल्या शेंगेसारखा आवाज आला. त्याने डोळे मिटले, पुन्हा झटकली. मग म्हणाला, "महादेवप्पा, मुंबईला, पुण्याला हिंडलो, पण असा हात पाहिला नाही. शेवटच्या दिवशी भर प्रयोगात तुमचं नाव घेतो. पुढच्या खुर्चीवर या."

 त्या दिवसापासून महादेवप्पा रोज सकाळी ती नोट ताजी करून देऊ लागला आणि एक पैसाही घेईना. निंगव्वाने जुना जरीचा रुमाल काढून उन्हात टाकला.

सातव्या दिवशी संध्याकाळी प्रोफेसर घाबराघुबरा आला. समईची ज्योत लागून नोट खरीच जळाली होती. उद्या शेवटचा प्रयोग. गावभर शोधले, कोऱ्या पाठीची दहाची नोट कोणाकडे नाही. आता हा खेळ वगळावा लागणार.

"खेळ वगळला तर माझं नाव?" हे शब्द महादेवप्पाच्या ओठांवर आले होते. पण तो म्हणाला, "मी आणतो."

कारण तशी एक नोट त्याच्याच आवारात होती.

सोजरबाई त्याच्याकडे चिंचोके भाजून सोलायला येई. माढ्याकडची बाई, साठीच्या पुढची, एकटी. तिच्या चंचीत सुपारीच्या कप्प्याच्या आत आणखी एक कप्पा होता आणि त्यात पानाच्या विड्यासारखी तिकोनी घडी घातलेली एक नोट होती. मागे एकदा चंची सांडली तेव्हा महादेवप्पाने ती पाहिली होती आणि सहज बोलून गेला होता, "डावखुऱ्या मानसाची घडी हाय ही. अंगठ्याचं नख मधी चिरल्यालं असणार. दुमडीच्या रेघंत बारीक खंड पडलाय."

सोजरबाईच्या हातातला अडकित्ता तसाच राहिला होता. "तुमास्नी कसं ठावं? येडूचं नख इळ्यानं चिरल्यालं."

येडू तिचा एकुलता एक लेक. सोळा साली पलटणीत गेला. सोलापूरच्या स्टेशनावर त्याने पगाराची ती नोट विड्यासारखी दुमडून आईच्या मुठीत दिली आणि म्हणाला, "आये, आलो की मीच उलगडीन. तवर हात लावू नगंस." बसऱ्याहून त्याचे एक कार्ड आले. मग सरकारचा कागद आला की ठावठिकाणा नाही. मेला असे त्यात लिहिलेले नव्हते. सोजरबाईने तेरा वर्षांत नोट उलगडली नव्हती.

त्या संध्याकाळी महादेवप्पा तिला म्हणाला, "आक्का, तुजी नोट दुमडीवर झिजलीया. येक दिवस हातात तुकडं येतील. दे माज्याकडं, खळ लावून टिकाऊ करून देतो."

"घडी मोडायची न्हाय."

"न्हाय."

"वरनंच लावा काय लावायचं ते."

"व्हय आक्का. आन उद्या निंगव्वासंगं जादू बघाया ये. माजं नाव घेनार हायत."

त्याच्या मनात हिशोब सरळ होता. नोट उलगडायची, कडक करायची, प्रयोग झाला की पुन्हा हुबेहूब तशीच घडी घालायची. सोलापुरातला कुठलाही हात त्याला ओळखता येत होता, मग त्या हाताची नक्कल काय अवघड? म्हातारीला कळणारही नव्हते. उलट नोट पुढची पन्नास वर्षे टिकणार होती.

दुसऱ्या दिवशी पांजणी उरकून त्याने नोट कोमट पाण्यात टाकली. पाण्यात कागद सैल पडतो, पाच मिनिटांत आपोआप उघडतो. ही उघडली नाही. अर्धा तास गेला. शेवटी बांबूची चपटी काडी घालून त्याने एकेक दुमड सोडवली. पाणी किंचित गढूळ झाले. ते निवळल्यावर परातीच्या तळाशी चिमूटभर रेती दिसली. पिवळसर, पिठासारखी बारीक. सोलापूरची माती काळी. अशी रेती त्याने भीमेच्या काठीही पाहिली नव्हती.

त्याने परात ओतून दिली. काचेवर नोट पसरली, खळ लावली, आणि भाकरी खायला आत गेला.

परत आला तेव्हा काचेवर विडा पडलेला होता.

"कागदाला सवय लागती," तो स्वतःशीच म्हणाला. तेरा वर्षांची दुमड, वाऱ्याने उचलली असेल. पण वारा नव्हता. ताण्याचा एक धागा हलत नव्हता. आणि उचललेला कागद अर्धवट वाकतो. तो शेवटचे टोक आत खोचून बसत नाही.

त्याने पुन्हा उलगडली. या वेळी खळ जरा दाट घेतली, चार कोपऱ्यांवर चार गोटे ठेवले आणि समोर पाट टाकून बसला. ऊन भिंतीवरून खाली उतरत होते. निंगव्वाने आतून हाक मारली, "रुमाल बांधून बघता का न्हाई?" त्याने फक्त मान वळवली. पुन्हा पाहिले तर डाव्या कोपऱ्यावरचा गोटा काचेच्या कडेला जाऊन थांबला होता आणि तो कोपरा वर आला होता, सावकाश, जणू कोणी अंदाज घेत होते.

महादेवप्पाने कोपरा तळव्याखाली दाबून धरला. वाळेपर्यंत धरला. हाताला रग लागली, पण सोडला नाही. चाळीस वर्षांत एकही सूत त्याच्यापुढे आपले म्हणणे चालवू शकले नव्हते.

नोट वाळली. कवडीने घोटल्यावर दुमडीची रेघ नजरेला दिसेना. त्याने ती झटकली. असा आवाज आयुष्यात त्याच्या हातून निघाला नव्हता. शेजारच्या मागावरचा विणकर हात थांबवून बघू लागला. महादेवप्पाची छाती भरून आली. त्याने फक्त एकदा, रेघ होती त्या जागी बोट फिरवले. कागद सगळीकडे गार होता आणि तेवढ्या जागी कोमट.

पाच वाजता त्याने नोट प्रोफेसरच्या हातात सपाट दिली.

सहाला प्रयोग सुरू झाला. नाटकगृह भरले होते. पुढच्या रांगेत जरीचा रुमाल बांधून महादेवप्पा बसला होता. डाव्या अंगाला बायकांच्या बाकांवर निंगव्वा आणि तिच्या शेजारी डोक्यावरून पदर घेतलेली सोजरबाई. किटसनच्या दिव्यांची सूं सूं चालू होती. प्रोफेसरने रिकाम्या टोपलीतून कबुतर काढले, एका वकिलाच्या कोटातून अंडी काढली. मग नोट वर धरली आणि झटकली.

मागच्या बाकावरून कोणीतरी "वाहवा!" म्हणाले. महादेवप्पाने बायकांकडे पाहिले. सोजरबाई नोटेकडे पाहत होती. उलगडलेली तिने ती कधी पाहिलीच नव्हती, त्यामुळे तिने ओळखली नाही.

एका कापडवाल्याने कोऱ्या पाठीवर पेन्सिलीने फुली मारली. ताटात ज्वाळा उठली. राख झाली. प्रोफेसरने लाखेने बंद केलेली मोठी डबी पुढे आणली. पहिली उघडली. दुसरी उघडली. तिसरी उघडली, आणि त्याचा हात थांबला.

आत विडा होता.

महादेवप्पा जागीच ताठ झाला. प्रोफेसरचे हसू तोंडावर तसेच राहिले, पण रंग उतरला. त्याने घडी उचलून सोडवायचा प्रयत्न केला. पुन्हा केला. पिटातल्या स्वस्त जागांवरून आवाज आला, "काय प्रोफेसर, पान जमलं का? चुना कमी पडला वाटतं!" सगळे हसले.

प्रोफेसर मुरलेला खेळाडू. त्याने हात उंचावला. "मंडळी! ही नोट ज्यांच्या हातानं कडक झाली तो कसबी माणूस आपल्याच गावचा आहे, आणि आज इथे बसला आहे. महादेवप्पा खळवाले! यावं, आणि आपल्या हातानं ही घडी उलगडून दाखवावी!"

चाळीस वर्षांनी नाव निघाले होते. भर नाटकगृहात, मोठ्याने. लोक माना वळवून पाहू लागले. टाळ्या पडल्या. महादेवप्पा उठला आणि रुमाल सावरत पायऱ्या चढला.

प्रोफेसर त्याच्या कानाशी लागला. "मी सपाट सरकवली होती. घडी घातलेली त्या फटीतून जाऊच शकत नाही. काय केलंत तुम्ही?"

महादेवप्पाने विडा हातात घेतला. तो ऊन होता, नुकताच कोणाच्या मुठीतून सुटल्यासारखा.

त्याने दिव्याखाली धरला. डावीकडून उजवीकडे आलेली दुमड. रेघेत बारीक खंड. हे त्याला माहीत होते. पण वरच्या पदरावर आणखी काही होते, ते सकाळी नव्हते. खळीत अंगठ्याचा ठसा उमटला होता. मोठा, रुंद. रेघ न् रेघ स्पष्ट.

खळ दुपारी वाळली होती. त्याने स्वतः वाळवली होती.

त्याने टोकाला नख लावले. घडी हलली नाही. आतून ती धरलेली होती.

एक उपाय त्याला ठाऊक होता. जिभेने टोक ओले करायचे आणि तिरके ओढायचे. कुठलाही कागद सुटतो. नाही तर फाटतो.

त्याने वर पाहिले. बायकांच्या बाकांत सोजरबाई उभी राहिली होती. आता तिने ओळखले होते. ती ओरडली नाही, पुढे आली नाही. फक्त उभी होती, मूठ छातीशी धरून.

"अहो, उलगडा की!" पिटातून कोणीतरी म्हणाले.

महादेवप्पाच्या हाताखालून गावातल्या अर्ध्या लुगड्यांचे सूत गेले होते. त्याने घसा साफ केला.

"मंडळी," तो म्हणाला, "खळ माजी हाय. पर घडी माजी न्हाय. ही माज्यानं मोडत न्हाय."

 मग त्याने विडा दोन बोटांत धरला, कानाजवळ नेला आणि नखाने टिचकी मारली.

आवाज शेवटच्या बाकापर्यंत गेला. घडीतल्या नोटेचा इतका खणखणीत आवाज प्रोफेसरनेही ऐकला नव्हता. सगळ्यात आधी टाळी त्यानेच वाजवली, मग कापडवाल्याने, मग सगळ्यांनी. फुलीची आठवण कोणाला राहिली नाही.

बाहेर आल्यावर महादेवप्पाने नोट सोजरबाईच्या हातावर ठेवली. "आक्का, मी उलगडली व्हती. दोनदा. तुला शबूद दिला आन मोडला. चुकलं माजं."

सोजरबाईने घडीवरून अंगठा फिरवला. सावकाश, आंधळ्या माणसासारखा. "तुमी उलगडली असती," ती म्हणाली, "तर आता घडी तुमची आली असती आप्पा. ही त्येचीच हाय." मग जराशाने म्हणाली, "ऊन लागतीया." आणि तिने नोट चंचीत ठेवून दोरी ओढली.

प्रोफेसर दुसऱ्या दिवशीच्या गाडीने निघून गेला, पुन्हा आला नाही. पण त्या दिवसापासून नवी पेठेत लुगडे दाखवताना दुकानदार म्हणू लागले, "हात लावून बघा बाई, महादेवप्पाची खळ आहे." तो ते ऐके आणि न ऐकल्यासारखे करून पुढे जाई. घरी आला की निंगव्वाला दोनदा सांगे.

आठ वर्षांनी, सदतीस सालच्या उन्हाळ्यात, सोजरबाई गेली. तिचे कोणी नव्हते. शेजारणींनी चंची महादेवप्पाकडे आणून दिली. तोवर गावात गिरणीतून खळ लावूनच सूत येऊ लागले होते. महादेवप्पाने पांजणी सोडून चार वर्षे झाली होती. खळीची कढई अंगणात पालथी पडली होती आणि तिच्यावर कोंबड्या बसत.

भर दुपारी त्याने पाटावर बसून आतला कप्पा उघडला. घडी तशीच होती. डोळ्यांनी आता कमी दिसे, म्हणून त्याने ती कानाशी नेली आणि टिचकी मारली.

तोच आवाज. आठ वर्षांनी कणभर ढिला नाही.

"ऐकलंस?" तो आत पाहून म्हणाला. "ह्याला म्हनतात हात."

"ऐकलं, ऐकलं," निंगव्वा आतून म्हणाली.

त्याने घडीवर ठशाच्या जागी आपला अंगठा टेकला. उचलताना तो चिकटला.

महादेवप्पाने अंगठा नाकाशी नेला. चिंचोक्याचा वास आला. मग जुन्या सवयीने त्याने तो बोटावर चोळून पाहिला. खळ अगदी बरोबर उतरली होती, एकही उकळी कमी नाही की जास्त नाही.

आणि अजून कोमट होती.